वैतरणेचा उतार

पावसाळा लागला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत रोज एक लहानशी चौकट छापून येते. तिच्यात सात नावे असतात : ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर, तानसा, भातसा, विहार आणि तुळशी. नावापुढे पाण्याची पातळी, पातळीपुढे साठा. वर शीर्षक साधारण असे, की ‘मुंबईची तळी’. पालघर स्टेशनाबाहेरच्या चहावाल्याकडे सकाळच्या गाडीची माणसे ही चौकट मोठ्या आस्थेने वाचतात. निम्मे आयुष्य गाडीत आणि निम्मे मुंबईत घालवणारी ही मंडळी. त्यांना तळी आपलीच वाटली तर नवल नाही.

मी मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही. दोन-तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्या ज्यांनी वाचल्या त्यांचे आभार. पोटासाठी मात्र वसतिगृहातल्या मुलांना मराठी आणि इतिहास शिकवतो. वर्तमानपत्र मोठ्याने वाचणे हा आमच्या वर्गाचा नेम आहे. दोन वर्षांपूर्वी जुलैत एका मुलीची वाचायची पाळी होती. मोखाड्याकडच्या एका पाड्यातली, सातवीतली, बोलायला कमी. तिने ती चौकट वाचली, मध्येच थांबली आणि मला विचारले, “सर, वैतरणा मुंबईत पण हाय?”

मी म्हटले, “नाही ग, ती तुमच्याकडचीच.”

“मग हितं ‘मुंबईची’ असं का लिवलंय?”

वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढचा धडा काढला. पण प्रश्न काही मनातून जाईना. फराळाचे ताट पुढ्यात असताना धरणांच्या आणि पातळ्यांच्या गोष्टी काढणे बरे नव्हे, हे मला कळते. तरी पण त्या मुलीला जे उत्तर मी त्या दिवशी दिले नाही, ते शोधताना जी हकिकत हाती लागली ती सांगण्याजोगी आहे.

वैतरणा उगवते त्र्यंबकच्या डोंगरात. एकाच डोंगररांगेतून गोदावरी पूर्वेला निघते, ती सारे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. आणि वैतरणा पश्चिमेला उडी टाकते, ती जेमतेम दीडशे किलोमीटर धावून दातिवरे आणि अर्नाळा यांच्यामध्ये समुद्राला मिळते. एका बहिणीच्या वाट्याला कुंभमेळे आले. दुसरीच्या वाट्याला नाव आले तेही यमलोकीच्या नदीचे! मेल्यावर गाईचे शेपूट धरून जी नदी ओलांडायची ती वैतरणी, हे आजीने सांगितल्यामुळे लहानपणी सफाळ्याच्या अलीकडे गाडी पुलावर खडखडू लागली की मी डोळे मिटून घेत असे.

या नावाशी विजेचेही एक जुने नाते आहे. १८८५ साली बांधलेली ‘वैतरणा’ नावाची एक आगबोट कच्छमधल्या मांडवीपासून मुंबईपर्यंत ये-जा करीत असे. तिच्यावर विजेचे दिवे होते. त्या काळी ती केवढी अपूर्वाई! लोकांनी तिचे कागदावरचे नाव बाजूला ठेवून तिला ‘वीजळी’च म्हणायला सुरुवात केली. १८८८ च्या नोव्हेंबरात ती मांडवीहून निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडली. पुढे ती कोणाला दिसली नाही. शेकडो माणसे गेली. त्यांत लग्नाची वऱ्हाडे होती, आणि मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेले विद्यार्थीही होते. मी स्वतः मॅट्रिक असल्यामुळे असेल, पण त्या मुलांची आठवण मला फार होते. गुजरातेत अजून हाजी कासमच्या वीजळीची गाणी गातात.

असो. आपण नदीकडे येऊ.

मुंबई हे बेट. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. विहिरी आणि तलाव यांवर शहर जगत होते. १८६० साली विहारचे पाणी आले, १८७९ साली तुळशीचे. तेही पुरेना तेव्हा पालिकेने बेटाबाहेर, साष्टीबाहेर हात लांबवला आणि १८९२ साली तानसाचे पाणी नळाने मुंबईत नेले. तानसा ही वैतरणेला मिळणारीच नदी. म्हणजे धाकटी आधी गेली, थोरलीचा नंबर पुढच्या शतकात लागला.

तो लागला स्वातंत्र्याच्या सुमारास. शहर फुगत होते, फाळणीची माणसे आली होती. एन. व्ही. मोडक हे पालिकेचे इंजिनिअर. अल्बर्ट मायर या अमेरिकन नगररचनाकाराबरोबर बृहन्मुंबईचा जो आराखडा १९४८ साली त्यांनी केला, तो पुढे वर्षानुवर्षे लोक चाळत राहिले. शहर कुठवर वाढेल हे ज्याने कागदावर मांडले, त्याला त्या शहराच्या तहानेची कल्पना नसेल कशी? वैतरणेवरचे पालिकेचे धरण १९५७ साली पुरे झाले आणि त्याच्या जलाशयाला मोडकांचे नाव मिळाले. मोडक सागर! आमच्याकडची मुले त्याला गंमतीने ‘मोदक सागर’ म्हणतात.

माझ्या वडिलांचे धाकटे काका त्या धरणावर हजेरी लिहायला होते. त्यांना आम्ही नाना आजोबा म्हणत असू. ते सांगत, की डोंगरात रात्रीचे दिवे लागले की खालच्या पाड्यांवरची माणसे ते पाहायला येऊन बसत. स्वतःच्या घरात चिमणी, आणि समोर डोंगरभर लखलखाट. काम संपले, दिवे काढून नेले, माणसे पुन्हा चिमणीपाशी गेली. नाना आजोबांना धरणाचा अभिमान मोठा होता. मुंबईत कोणाच्याही घरी गेले की आधी नळ सोडून ओंजळभर पाणी पीत आणि म्हणत, “आमचंच आहे.” माझी बहीण परळला चाळीत राहते. तिच्याकडे पहाटे पाणी येते. आजोबांचे पाहून तिच्या मुलांनाही ती सवय लागली होती.

इथे माझ्या मनात एक शंका आली. धरण म्हटले की वीज आलीच, असा आपला समज. मग पालिकेने एवढी भिंत घातली, पाणी अडवले, ते उंचावरून सोडले, आणि वीज का केली नाही?

याचे उत्तर शोधताना मी पार अमेरिकेत जाऊन पोहोचलो, अर्थात पुस्तकातून. सॅन फ्रान्सिस्को हे असेच तहानलेले शहर. त्याने दूरच्या डोंगरातली हेच हेची नावाची दरी पाण्याखाली घालून टुऑलमी नदीवर धरण बांधायचे ठरवले. दरी राष्ट्रीय उद्यानातली, अत्यंत देखणी. जॉन म्यूर या निसर्गवेड्या माणसाने तिच्यासाठी वर्षानुवर्षे भांडण केले. १९१३ साली कायदा झाला, म्यूर हरला आणि पुढच्याच वर्षी वारला. धरण १९२३ साली पुरे झाले. त्याला नाव दिले शहराच्या इंजिनिअरचे, ओशॉनेसीचे. आमच्याकडे मोडक, तिकडे ओशॉनेसी! पण त्या ओशॉनेसीचे दैव पाहा. ते पाणी शहरात पोहोचले १९३४ च्या ऑक्टोबरअखेर, आणि हा गृहस्थ त्याच महिन्यात, पाणी पोहोचण्याच्या थोडे दिवस आधी वारला. आपण आणलेल्या पाण्याचा घोट काही त्याला मिळाला नाही.

त्या १९१३ च्या कायद्यात एक कलम होते. शहराने नुसते पाणी नेऊन भागणार नाही, पाण्याबरोबर वीजही करायची आणि ती खाजगी कंपनीच्या घशात न घालता लोकांना द्यायची. ते कलम तिथे कितपत पाळले गेले यावर खूप वाद झाले, पण शहराच्या मालकीचे पाणी आणि शहराच्याच मालकीची वीज ही दोन्ही त्या योजनेत पहिल्यापासून होती.

मुंबईचे गणित निराळे होते. तिला वीज आधीच मिळाली होती, तीही डोंगरातूनच. टाटांनी १९१५ साली खोपोलीला, मग भिवपुरीला, मग १९२७ साली भिऱ्याला वीजघरे उभी केली. भिऱ्याच्या पाण्यासाठी मुळशी बुडाली आणि त्या मावळ्यांसाठी सेनापती बापट तुरुंगात गेले, हे महाराष्ट्राला सांगायला नको. गिरण्या त्या विजेवर चालत होत्या. १९४७ च्या ऑगस्टमध्ये पालिकेने ट्रॅम आणि वीजपुरवठा करणारी कंपनी ताब्यात घेतली. तीच आपली ‘बेस्ट’. पण ती वीज विकणारी, बनवणारे टाटा. म्हणजे पालिकेजवळ वीज वाटणारी पेढी होती तिला धरण नव्हते, आणि धरण होते त्याला वीज नव्हती. घरात जाते आहे आणि घरात धान्यही आहे, पण दळण बाहेरून, असा प्रकार.

मग वैतरणेवर वीज आली ती सरकारच्या हातून. नाशिक जिल्ह्यात इगतपुरीच्या बाजूला, घाटमाथ्यावर, राज्य सरकारने ऊर्ध्व वैतरणा धरण बांधले. १९७३ पासून तिथले पाणी मुंबईच्या वाट्याला आले. पाणी घाटाखाली उतरता उतरता ६० मेगावॉटचे यंत्र फिरवते आणि मग नदीत पडून मोडक सागराकडे जाते. पुढे या दोन धरणांच्या मध्ये, मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ, पालिकेने स्वतःचे तिसरे धरण घातले ते मध्य वैतरणा. १०२ मीटर उंच भिंत, रोलरने थर दाबून केलेल्या काँक्रीटची. त्याचे पाणी २०१४ साली शहराला मिळू लागले. रोज साडेपंचेचाळीस कोटी लिटर. त्याच वर्षी १ ऑगस्टला आमचा पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला. जिल्हा जन्मला तेव्हा त्याच्या डोंगरात मुंबईचे धरण आधीच भरत होते.

त्या चौकटीतल्या पातळ्या मी एकदा एकाखाली एक लिहून पाहिल्या. ऊर्ध्व वैतरणा पूर्ण भरते तेव्हा ६०३ मीटर. मध्य वैतरणा २८५. मोडक सागर १६३. जिन्याच्या पायऱ्याच की या! शेवटची पायरी उतरली की पाणी बोगद्यांतून आणि माणूस उभा चालेल एवढ्या नळांतून बहुतेक आपल्या वजनानेच शंभर किलोमीटरांवरच्या शहराकडे वाहत जाते. पाण्याला कोणी ओढावे लागत नाही. उतारच शहराच्या बाजूचा आहे.

पालिकेलाही या पायऱ्यांतले मोल दिसले. मध्य वैतरणेवर २० मेगावॉट पाण्याची वीज आणि जलाशयावर तरंगत्या पत्र्यांवर ८० मेगावॉट उन्हाची वीज करावी, ती पालिकेने २५ वर्षे ४ रुपये ७५ पैसे युनिटने घ्यावी, असा करार २०२२ साली झाला. शंभर वर्षांपूर्वी सॅन फ्रान्सिस्कोने जे केले ते मुंबईला आता सुचले, असे कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. ज्याला बाजारात दळण मिळत होते तो जाते कशाला फिरवील?

एवढे जमवून झाले तेव्हा एप्रिल आला होता आणि त्या मुलीचा बाप तिला न्यायला आला होता. मी म्हटले, मीही येतो. जव्हारपर्यंत एसटी, तिथून मोखाडा, पुढे खोडाळ्याच्या रस्त्याला जीप. करवंदे पिकायला लागली होती. बाप सारा वेळ गप्प होता. फक्त एका वळणावर जीप थांबवून त्याने मला खाली दाखवले. खोल, फार खोल, दोन डोंगरांच्या बेचक्यात निळे पाणी पसरले होते. इतके निळे, की एप्रिलच्या त्या पिवळ्या-करड्या डोंगरात ते कोणीतरी विसरून गेलेल्या लुगड्यासारखे दिसत होते.

“ह्येच ते,” तो म्हणाला.

त्याच्या पाड्यावर आम्ही पोहोचलो तेव्हा बायका विहिरीभोवती बसल्या होत्या. विहिरीत पाणी नव्हते. टँकर येणार होता, तो आला की विहिरीत ओततो आणि मग सगळ्याजणी एकदम दोर सोडतात. मुलगी घरात दप्तर टाकून हंडा घेऊन त्यांच्यात जाऊन बसली. तिच्या आईने मला पाणी दिले. एक तांब्या. तो मी पिऊ का नको, असे मला झाले. पण न पिणे हा तिचा अपमान झाला असता. प्यायलो. निम्मा ठेवला, तर ती म्हणाली, “संपवा गुरुजी, उरल्यालं सांडाया लागतं.”

मला तोवर वाटत होते, की शेजारी तळे आणि गाव तहानलेले ही कोणाची तरी लबाडी असणार. तिथे उभा राहिलो तेव्हा ध्यानात आले, की लबाडी नसली तरी असे होऊ शकते. तळे दरीत आहे, पाडा पठारावर. मुंबईला पाणी घसरत जाते. पाड्याला ते चढवावे लागते. चढवायला पंप लागतो, पंपाला वीज लागते. शंभर किलोमीटर खाली जाणे पाण्याला सोपे आणि दोनशे मीटर वर येणे अवघड.

परत आल्यावर आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांना मी गणित घातले. पाचशे माणसांचा पाडा. सरकारच्या जलजीवन योजनेचा हिशेब खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटरचा आहे. शहरासाठी १३५ चा धरतात, तो वाद तूर्त सोडू. म्हणजे साडेसत्तावीस हजार लिटर. ते दोनशे मीटर वर चढवायचे. त्यांनी फळ्यावर मांडले आणि उत्तर काढले : पंधरा युनिट. पंपात, नळात वाया जाते म्हणून दुप्पट करा, तीस. मला खरे वाटेना. मी पुन्हा करायला लावले. तीसच. पावणेपाच रुपयांच्या दराने दिवसाला एकशे साडेबेचाळीस रुपये. आणि २० मेगावॉटचे यंत्र पूर्ण चालले तर एका तासात वीस हजार युनिट देते, एका मिनिटात तीनशे तेहतीस. म्हणजे यंत्राच्या एका मिनिटाच्या विजेत अकरा पाड्यांचे एका दिवसाचे पाणी वर येते.

नळ घालावे लागतील, टाकी बांधावी लागेल, पाणी शुद्ध करावे लागेल, मोटार जळेल, जळली की दुरुस्त कोण करणार यावर ग्रामसभेत भांडण होईल. हे मला ठाऊक आहे, खेड्यातच वाढलो. पाड्यापाड्यांचे अंतर आणि चढ वेगळे, तेव्हा आकडा कुठे दुप्पट, कुठे तिप्पट होईल. होऊ दे. एक मिनिटाची तीन मिनिटे होतील.

हे सांगताना मोठ्या शहराकडे बोट दाखवून मोकळे व्हावे असे वाटते, पण मी राहतो बोईसरला. आमच्या नळाला येते ते सूर्या नदीचे पाणी. सूर्या ही वैतरणेचीच उपनदी. तिच्यावर धामणीला धरण आहे. त्याच्या पायथ्याला ६ मेगावॉटची वीज होते. ते बांधायला निघाले तेव्हा डहाणू, पालघर, विक्रमगडच्या चौदा हजारांहून अधिक हेक्टर जमिनीला पाणी देऊ, असे ठरले होते. मग तारापूरचे कारखाने आले, वसाहती वाढल्या, वसई-विरार वाढले. आता वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या दोन शहरांसाठी मिळून दिवसाला ४० कोटी ३० लाख लिटरची योजना त्याच पाण्यावर आहे, आणि कालव्याखालचे शेतकरी आपल्या पाण्यासाठी मोर्चे काढत आले आहेत. धामणीच्या तळाखाली ज्यांची घरे गेली त्यांच्या दृष्टीने आम्ही बोईसरवालेच मुंबई. शेजारी तारापूरला १९६९ पासून अणूची वीज होते. दोन धक्क्यांवर अणुशक्ती आणि घाटात हंड्यांची रांग, अशा जिल्ह्यात आपण राहतो. मी सकाळी नळ सोडतो, दात घासताना तो चालूच राहतो. अलीकडे बायको येऊन बंद करते आणि काही बोलत नाही.

मुलगी आता नववीत आहे. त्या गणिताचा कागद मी तिला दिला. तिने तो बापाला वाचून दाखवला, बापाने ग्रामसेवकाला. ग्रामसेवकाने कागदावर मागणीचा अर्ज कसा करायचा ते सांगितले, आणि अर्ज मराठीच्या सरांनीच लिहून द्यावा असा निरोप पाठवला. कादंबरीकाराला हे काम जड गेले. तीन वेळा फाडून चौथ्यांदा लिहिला. विशेषणे सगळी काढून टाकली.

यंदा जुलैत मोडक सागर भरून वाहू लागला त्या दिवशी वर्तमानपत्र वाचायची पाळी दुसऱ्याच मुलाची होती. चौकट आली तेव्हा तो शीर्षकावर थबकला आणि त्याने मागे वळून तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, “वाच की. पातळी किती ती सांग.”